नकाशा उघडला आणि वर्ग गप्प झाला

प्रश्न : मी सातवी-आठवीच्या मुलांना मराठी शिकवते. वर्गात ३४ मुलं आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी दुसरीच भाषा बोलतात. पुस्तकात 'रस्ता सांगणे' असा घटक आहे, तो दरवर्षी रटाळ होतो. म्हणून यंदा मी ऑनलाइन नकाशा पडद्यावर लावला. वाटलं, मुलं बोलती होतील. झालं उलटंच. पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाला स्वतःचं घर बघायचं होतं. मग मी दोन ठिकाणं देऊन रस्ता सांगायला सांगितला, तर एकाने ॲपमधलं दिशा दाखवणारं बटण दाबलं आणि आलेली वाक्यं वाचून दाखवली. बाकीच्यांनी ती वहीत उतरवून घेतली. नंतर टाचण्या लावून 'आमची सहल' असा नकाशा केला. तो दिसायला सुंदर झाला, पण मुलांनी स्वतः लिहिलेली वाक्यं त्यात मोजून सहा. एक सहकारी म्हणाले, "हा तर भूगोलाचा तास झाला." मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडे एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि शाळेचे सहा टॅब आहेत. हा नाद सोडून द्यावा का?
– एक भाषाशिक्षिका

उत्तर :

सोडू नका. फक्त पुढच्या वेळी नकाशा तसाच्या तसा उघडू नका.

तुमच्या पत्रातला बटणाचा प्रसंग मी दोनदा वाचला. त्या मुलाचं काहीच चुकलेलं नाही. रस्ता सांगणाऱ्याला नकाशा दिसत होता आणि ऐकणाऱ्यालाही तोच नकाशा दिसत होता. मग कुणी कुणाला काय सांगायचं? समोरच्याला जे ठाऊक नाही ते त्याला कळावं म्हणून आपण तोंड उघडतो. तुम्ही ३४ जणांना एकच पूर्ण नकाशा दाखवलात, तेव्हा वर्गात कुणाकडेच दुसऱ्याला हवी असलेली माहिती उरली नाही. मुलांनी सगळ्यात सोपी वाट धरली. आपणही तेच केलं असतं.

मीही हे बराच काळ असंच करत होते. गूगल मॅप्स २००५ मध्ये आलं. पुढे ते वर्गात दाखवता येऊ लागलं, तेव्हा मला वाटलं की खरा रस्ता समोर दिसला की खरी भाषा आपोआप येईल. मुलं पडद्याजवळ यायची, बोट ठेवायची आणि म्हणायची, "इथून असं जायचं, मग असं, मग इथे." रस्ता त्यांना अचूक कळलेला असायचा. भाषा मात्र 'इथे' आणि 'असं' या दोन शब्दांपुढे सरकत नसे, कारण बाकीचं काम बोटाने उरकलेलं असे.

तेव्हा माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्यातून निघतं : नकाशातलं काहीतरी कुणापासून तरी लपवा.

ही युक्ती माझी नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा आणि ग्लासगो इथल्या संशोधकांनी माणसं एकमेकांशी कशी बोलतात हे तपासण्यासाठी एक संवादसंग्रह जमवला, तो 'मॅप टास्क' या नावाने ओळखला जातो. त्याचं वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. दोघं समोरासमोर बसतात. दोघांपुढे एकेक नकाशा असतो, पण दुसऱ्याचा नकाशा दिसत नाही. एकाच्या नकाशावर वाट आखलेली असते, दुसऱ्याने ती नुसतं ऐकून आपल्या नकाशावर आखायची. गंमत पुढे आहे. दोन्ही नकाशे सारखे नसतात. एकावर असलेली खूण दुसऱ्यावर नसते, आणि हे दोघांना बोलता बोलताच उमगतं. ६४ जणांचे असे १२८ संवाद त्यात आहेत. त्यातल्या निम्म्या संवादांत दोघांना एकमेकांचे चेहरेही दिसत नव्हते.

या खेळात भाषेला खरी धार चढते ती नकाशे जुळत नाहीत त्या जागी. "गिरणीपाशी उजवीकडे वळ." "कुठली गिरणी? माझ्याकडे गिरणीच नाही." "बरं, मग तुला आता काय दिसतंय?" हे तीन साधे उद्गार बघा. पहिल्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात शंका आणि नकार, तिसऱ्यात गैरसमज ओळखून नव्याने सुरुवात. पुस्तकातल्या 'रस्ता सांगणे' या धड्यात फक्त पहिल्या प्रकारचं वाक्य असतं. रोजच्या जगण्यात मात्र दुसरं आणि तिसरं जास्त लागतं, आणि ज्या मुलांच्या घरी दुसरी भाषा आहे ती नेमकी तिथेच अडतात. त्यांना सूचना देता येते, पण न कळल्याचं सांगता येत नाही. ती मान डोलावून गप्प बसतात.

तुमच्या सामानात हे कसं करायचं ते सांगते. यूमॅप नावाचं एक मोफत साधन आहे. ते ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, म्हणजे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावर. गूगलचं 'माय मॅप्स'ही चालेल. मुलांनी कधी न पाहिलेल्या एखाद्या दूरच्या शहराचा लहानसा भाग निवडा. ओळखीचा परिसर या कामाला निरुपयोगी, कारण तिथे "अरे, तेच रे" म्हटलं की भागतं. त्या भागावर तुमच्या मनच्या दहा-बारा टाचण्या लावा आणि त्यांना मराठी नावं द्या : जुना पूल, बंद गिरणी, पडकी भिंत, विहीर, मोठं झाड, लाकडी फाटक. खरा रस्ता आणि कल्पनेतल्या खुणा. मग नकाशाची प्रत काढा. प्रतीतून तीन खुणा पुसा, एक खूण थोडी सरकवा, एकीचं नाव बदला. मूळ नकाशावर वाट आखा. झालं. पहिल्यांदा तासभर लागेल, पुढे वीस मिनिटांत होतं.

सहा टॅब म्हणजे तीन जोड्या. एका टॅबवर पाच-सहा मुलं. गट समोरासमोर बसतील आणि टॅब एकमेकांकडे पाठ करून उभे राहतील. बोलणारा दर दोन खुणांनंतर बदला, नाहीतर गटातलं एकच धीट मूल सगळं बोलून टाकतं. ज्या दिवशी टॅब मिळणार नाहीत त्या दिवशी प्रोजेक्टर पुरे : १७ मुलं पडद्याकडे तोंड करून, १७ पडद्याकडे पाठ करून, मांडीवर कागद. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा आणि तो होऊ द्या.

नियम दोनच ठेवा. बोट दाखवायचं नाही. 'इथे', 'तिथे' आणि 'असं' हे शब्द वापरायचे नाहीत. दुसरा नियम मुलांना आधी चमत्कारिक वाटतो. पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येतं की या तीन शब्दांवाचून आपण किती लंगडे आहोत, आणि मग ती शब्द शोधू लागतात : वळणावर, कोपऱ्याशी, कडेकडेने, लगत, समोरासमोर, तिरकं, वळसा घालून.

आता व्याकरण. ते तुमच्या सहकाऱ्यांना द्यायचं खरं उत्तर आहे. मराठीत रस्ता सांगताना जवळजवळ कुठलंच नाम मूळ रूपात राहू शकत नाही. पूल असेल तर पुलावरून, विहीर असेल तर विहिरीपाशी, तळं असेल तर तळ्याकाठाने, बाग असेल तर बागेतून, रस्ता असेल तर रस्त्याने. सामान्यरूपाचा इतका दाट सराव मी दुसऱ्या कुठल्याही उपक्रमात पाहिलेला नाही. आणि तो तक्ते पाठ न करता होतो, कारण प्रत्येक प्रत्ययाला आणि शब्दयोगी अव्ययाला नकाशावर परिणाम असतो. पुलावरून, पुलाखालून, पुलापर्यंत, पुलापलीकडे – चार शब्दांनी चार वेगळ्या रेषा निघतात. चुकीचा शब्द वापरला की मित्राची पेन्सिल नदीत जाते आणि ते दोघांनाही दिसतं.

इथे एक भेद मात्र कटाक्षाने पाळा. मूल 'पूलवरून' म्हणालं तर मध्येच थांबवू नका. त्याचा मित्र बरोबर पुलावरूनच गेला आहे, संवाद जिवंत आहे, तो तोडू नका. तुम्ही वही घेऊन फिरत राहा आणि अशी रूपं टिपा. शेवटच्या दहा मिनिटांत ती फळ्यावर घ्या, मुलाचं नाव न घेता. पण मूल 'पुलाखालून' म्हणालं आणि त्याला म्हणायचं होतं 'पुलावरून', तर तुम्ही काही करूच नका. ती चूक नकाशा स्वतः दुरुस्त करून घेतो.

दोन तास असे झाले की तुम्हाला 'अलीकडे' आणि 'पलीकडे' या जोडीची अडचण जाणवेल. माझ्या वर्गात यावर एकदा भांडण झालं. सांगणारी मुलगी म्हणाली, "विहीर पुलाच्या अलीकडे आहे." ऐकणारा म्हणाला, "पलीकडे आहे." दोघंही बरोबर होती, कारण ती मनाने वाटेच्या सुरुवातीला उभी होती आणि तो शेवटाला. अलीकडे-पलीकडे या शब्दांना बोलणाऱ्याच्या पायाखालची जमीन लागते. डावी-उजवीचंही तसंच. नकाशात बघणाऱ्याची उजवी बाजू आणि दक्षिणेकडे चालणाऱ्याची उजवी बाजू एकमेकींच्या विरुद्ध असतात. फोनवरचा नकाशा हे झाकून टाकतो, कारण रस्ता दाखवताना तो आपल्या चालण्याच्या दिशेने फिरतो आणि आपली उजवी बाजू नेहमी पडद्याच्या उजवीकडेच ठेवतो. म्हणून भाषेच्या तासाला उत्तर दिशा वर ठेवलेला, न फिरणारा नकाशाच बरा. मुलाला मनातल्या मनात फिरावं लागतं, आणि ते फिरणं शब्दांत उतरतं.

मुलांना याच वेळी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या गूगू यिमिथिर भाषेबद्दल सांगा. 'कांगारू' हा शब्द जगाला या भाषेने दिला. या भाषेत जागा सांगताना डावं-उजवं वापरत नाहीत, जवळच्या वस्तूंसाठीही पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण वापरतात. तुझ्या दक्षिणेकडची वस्तू दे, अशा धर्तीचं बोलणं. मग त्यांना तीच वाट तीनदा लिहायला द्या : एकदा चालणाऱ्याच्या तोंडून, डावी-उजवी वापरून. एकदा फक्त चार दिशा वापरून. एकदा दिशा आणि डावी-उजवी दोन्ही वगळून, नुसत्या खुणांच्या आधाराने. तिसरा परिच्छेद सगळ्यात कठीण आणि वाचायला सगळ्यात चांगला होतो. त्यात झाडं येतात, भिंती येतात, चढ-उतार येतात.

दुसरं साधन म्हणजे रस्त्यावरून काढलेली छायाचित्रं, म्हणजे गूगल मॅप्समधलं स्ट्रीट व्ह्यू. २००७ मध्ये ते सुरू झालं. सगळीकडे नाही, त्यामुळे जागा घरी बघून ठेवा. २०१३ मध्ये स्वीडनहून जिओगेसर नावाचा खेळ आला. त्यात तुम्हाला जगातल्या कुठल्याशा रस्त्यावर सोडतात आणि ती जागा ओळखायची असते. तो खेळ तुम्हाला घ्यायची गरज नाही. तुम्हीच एक रस्ता निवडा, पत्त्याची पट्टी कागदाने झाका आणि विचारा : हे कुठे असेल? अट अशी की उत्तराबरोबर पुरावा द्यायचा.

या प्रश्नातून मराठीतली एक फार सुंदर उतरंड हाती लागते : 'असेल', 'असावं', 'असणार'. "हे थंड प्रदेशातलं असेल" हा मोकळा अंदाज. "छपरं इतकी उतरती आहेत, म्हणजे इथे बर्फ पडत असावा" हा पुराव्यावरून काढलेला तर्क. "पाटीवरची लिपी बघ, हे जपान असणार" ही खात्री. वयाने मोठी माणसंही या तिन्हींची सरमिसळ करतात. मुलांना ही छटा नियम सांगून कळत नाही. पण वर्गात कुणी नुसतं 'असणार' म्हटलं आणि बाकीच्यांनी "कशावरून?" विचारलं, की तेच मूल 'असावं'वर उतरतं. माझ्या वर्गात "कशावरून?" हा प्रश्न मग निबंधाच्या तासालाही ऐकू येऊ लागला. या एका गोष्टीसाठी मी पुन्हा पुन्हा स्ट्रीट व्ह्यूकडे वळते.

काळ शिकवायलाही ही छायाचित्रं कामी येतात. २०१४ पासून अनेक ठिकाणी जुन्या वर्षांची छायाचित्रंही बघता येतात. तोच कोपरा, मध्ये काही वर्षं. "इथे मैदान होतं. आता इमारत आहे. हे झाड तेव्हा लावलेलं नसेल." 'होतं', 'आहे', 'झालेलं असेल', 'राहिलेलं नाही' – रूपं मागून घ्यावी लागत नाहीत.

नावांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा विषय तुमच्या वर्गाला विशेष लागू आहे. अर्ध्या वर्गाच्या घरची भाषा वेगळी आहे ना? मग नकाशाची भाषा बदलून दाखवा. एकाच देशाला जर्मन लोक डॉइचलांट म्हणतात, फ्रेंच लोक आलमान्य म्हणतात, फिनिश लोक साक्सा म्हणतात, पोलिश लोक न्येम्त्सी म्हणतात. आलमान्य आणि साक्सा ही जुन्या टोळ्यांवरून आलेली नावं. न्येम्त्सीचं मूळ 'मुका' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दात आहे : ज्यांचं बोलणं कळत नाही ते मुके. हे ऐकल्यावर घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं गंभीर होतात आणि मग बोलू लागतात. त्यांना विचारा, तुमच्या घरी या गावाला काय म्हणतात, नदीला काय म्हणतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या भाषांतली नावं वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवता येतात, आणि ब्रसेल्ससारख्या शहरात रस्त्यांची फ्रेंच व डच नावं शेजारी शेजारी दिसतात. देवनागरीतली नावं तपासायला दिलीत तर शुद्धलेखनाचाही चांगला तास होतो, कारण त्यांत चुका सापडतात. मात्र त्या नकाशात दुरुस्ती करायची तर स्वतःला पक्की ठाऊक असलेलीच करावी. दुसऱ्या नकाशातून उतरवलेली माहिती तिथे चालत नाही, परवान्याचा प्रश्न येतो.

आता तुमचा 'आमची सहल'. स्टोरीमॅपजेएस किंवा आर्कजीआयएस स्टोरीमॅप्स यांसारख्या साधनांनी असे नकाशे फार देखणे होतात, आणि तोच धोका आहे. मुलांचा वेळ टाचणीचा रंग आणि छायाचित्र निवडण्यात जातो. टाचणी कुठे लावायची हे आधीच ठरलेलं असेल तर लिहायला काही उरत नाही. त्याऐवजी एखादी प्रवासाची गोष्ट घ्या, जिच्यात जागांची नावं नाहीत, फक्त खुणा आहेत : नदी ओलांडली, टेकडीला वळसा घातला, संध्याकाळी समुद्राचा आवाज आला. गटांनी वाट आखायची आणि प्रत्येक टाचणीखाली मजकुरातलं वाक्य देऊन आपला तर्क लिहायचा. दोन गटांच्या वाटा वेगळ्या निघाल्या की तुमचं काम झालं, कारण आता दोघांना मजकूर पुन्हा वाचावा लागतो. सहल करायचीच असेल, तर न झालेल्या सहलीची करा आणि वर्गाला पटवून द्यायला लावा. पण खरं सांगायचं तर मी हा प्रकार वर्षातून एकदाच करते.

सहकाऱ्यांना काय सांगायचं? गुणदान कशावर करता ते एकदा तपासा. तुमच्या तक्त्यात नकाशाची मांडणी, रंग, टाचण्यांची संख्या असेल, तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गुण द्यायचे ते मित्र योग्य जागी पोचला का, गैरसमज झाल्यावर दोघांनी तो कसा सोडवला, आणि नंतर लिहिलेला परिच्छेद कसा उतरला यांवर. असं झालं तर तास भाषेचाच आहे.

घर शोधण्याबद्दल मी शेवटी लिहितेय, कारण त्यावर मला सावकाश बोलायचं आहे. मुलांना स्वतःचं घर बघायचं असतं ही खोडी नाही. नकाशा उघडला की मोठी माणसंही आधी तेच करतात. पाच मिनिटं द्या, आधीच जाहीर करून. पण सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर घराची टाचणी लावू देऊ नका. मुलाचं नाव आणि घराची जागा एकत्र असलेला नकाशा वर्गाबाहेर जाता कामा नये. नकाशा कुणाला दिसतो, दुवा हाती असलेल्या कुणालाही की फक्त तुम्हाला, हे प्रत्येक वेळी तपासा. मुलांची स्वतंत्र खाती उघडायच्या भानगडीत पडू नका. यूमॅपला बघणाऱ्यांसाठी खात्याची गरज नाही.

आणि एक मूल असं असेल ज्याला घर सापडणारच नाही. माझ्या वर्गात होता. बाकीची आपापली छपरं दाखवत होती आणि तो हळूच म्हणाला, "आमची गल्ली यात नाही." पडद्यावर तिथे नुसता करडा ठिपका होता. मला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, नकाशात नसलेल्या जागी पाहुण्याला कसं आणाल ते लिहा. त्या दिवशी सर्वात चांगला परिच्छेद त्याचा होता. त्याला सवय होती. त्याच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याने आजवर शब्दांनीच आणलं होतं : मोठ्या रस्त्याचा आवाज कमी होईपर्यंत चाला, मग दोन पायऱ्या उतरा, निळ्या दाराच्या आधी वाकावं लागतं. हा परिच्छेद मी वाचून दाखवला तेव्हा वर्गाला पहिल्यांदा कळलं की नकाशा हे कुणीतरी बनवलेलं असतं आणि बनवताना काहीतरी सुटतं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्तोप्रँस शहराचा पुरेसा नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते रेखून तो ओपनस्ट्रीटमॅपवर काही दिवसांत भरला, आणि मदतकार्याला त्याचा उपयोग झाला. हे मी त्या मुलांना नंतर सांगितलं. पण आधी तो परिच्छेद वाचला, हा क्रम महत्त्वाचा होता.

तुमच्या वर्गातही पंधरा मिनिटं घरं शोधताना कुणीतरी गप्प बसलं असेल. तो कोण होता किंवा ती कोण होती, आठवून बघा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ही साधनं बंद पडतात. गूगलचं टूर बिल्डर अनेक शिक्षक वापरत होते, ते २०२१ मध्ये बंद झालं. तुमचे नकाशे केएमएल या फाइलच्या स्वरूपात उतरवून ठेवा. ते २००८ पासून खुलं मानक आहे आणि बरीचशी नकाशा-साधनं ते वाचतात. शिवाय दोन्ही प्रतींची चित्रं छापून कपाटात ठेवा. ज्या दिवशी इंटरनेट नसेल त्या दिवशी तोच खेळ कागदावर तितकाच चांगला होतो.

पुढच्या तासाला एवढंच करा : एक अनोळखी शहर, दोन प्रती, तीन पुसलेल्या खुणा, आठ मिनिटं. पहिल्या तीन मिनिटांत मुलं तक्रार करतील की नकाशा चुकीचा आहे. तेव्हा खुलासा करू नका. "मग त्याला सांग ना, तुझ्याकडे काय आहे ते," एवढं म्हणा आणि बाजूला व्हा.